राखाडी सदरा

गेलेल्या आईचा कोट माझ्या मापाचा करून घ्यायला मी शिंप्याच्या दुकानात थांबले होते. माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. धाकटी नाटकांची वेशभूषा करणारी. रविवारी तिचा सत्कार होता.

“सगळ्या नटांना सजवतेस, आणि स्वतः सदान्‌कदा हा राखाडी सदरा!”

“हा एकच नाही गं ताई. असे बरेच आहेत.”

“वर कौतुकानं सांगतेय बघा!”

“अगं, नट कपडे घालून बघतो तेव्हा आरशात त्याच्यामागे मी असते. मी लालभडक घातलं, तर त्याच्या कापडाचा रंग मला कसा नीट दिसणार? मध्ये न येणं, हीच माझी फॅशन.”

“आणि रविवारी तुझ्यापुढे कोण उभं असणार आहे?”

“कुणीच नाही.”

“मग?”

“त्याचीच तर धास्ती वाटतेय.”

“मी पहिल्याच रांगेत आहे. माझ्याकडे बघत राहा. मास्तर, तो डाळिंबी तागा काढा.”

“डाळिंबी नको, रंगमंचावरच्या दिव्यांखाली काळपट दिसतो. त्याच्या शेजारचा पिवळा दाखवा.”

“पिवळा? तू?”

“हो, मी. आणि मास्तर, खिसे मात्र ठेवा. हात कुठे ठेवायचे, ते मला तिथे सुचायचं नाही.”