नवऱ्याबरोबर बघ

लग्नाआधी बघायचं नाही म्हणजे नाही, का म्हणून विचारायचं नाही, आणि विचारलंच तर उत्तर एकच... नवऱ्याबरोबर बघ. तुम्हाला वाटेल कसल्या सिनेमाबद्दल बोलतेय ही पोरगी. नाही हो, किल्ल्याबद्दल बोलतेय, बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्याबद्दल! इतवाऱ्यातल्या आमच्या घरून रिक्षात बसलं ना, तर नीट टेकून बसेपर्यंत किल्ला येतो. लोक कुठून कुठून येतात, गळ्यात कॅमेरे, डोक्यावर टोप्या, आणि मला पत्ता विचारतात. मी सांगते पण, सरळ जा, डावीकडे वळा, बढिया आहे म्हणते. आणि मी, हिमानी, इतिहासात एम.ए., किल्ल्यातल्या हमामाच्या, म्हणजे शाही न्हाणीघराच्या, छतावरच्या नक्षीवर पानंच्या पानं लिहून फर्स्ट क्लास आणलेली, मी ती नक्षी बघितलेली नाही. कारण काय? तर नवऱ्याबरोबर बघ.

हा नियम कुणाचा, तर मोठ्या पप्पांचा. मोठे पप्पा म्हणजे माझ्या पप्पांचे थोरले भाऊ, लीलाधर. तापीकाठी केळीच्या बागा, आवाज असा की बागेतून हाक मारली तर घरात चहा गॅसवर चढतो. माझे पप्पा, भगवान, त्यांच्यापुढे नुसते मान हलवतात, आणि मान हलवण्याआधी सुद्धा एकदा भावाकडे बघून घेतात. शाळेची सहल गावाबाहेरच्या डोंगरावर, असीरगडाला निघाली, तेव्हा मोठे पप्पा म्हणाले, पोरीची जात, जुनी जागा, बाधा झाली तर कोण निस्तरणार? आता तुम्हाला विचारते, सोबत नवरा असला की बाधा काय करते? त्याचं आधार कार्ड बघून परत जाते?

तुम्ही म्हणाल, मग चोरून जायचं. चोरून? बुऱ्हाणपुरात? एकदा मैत्रिणीबरोबर, पूनमबरोबर, राजघाटावर गेले होते, नुसती तापी बघायला, पाण्यात पायाचं बोट नाही बुडवलं, आणि घरी येते तर मोठी मम्मी, म्हणजे मोठ्या पप्पांची बायको, दारातच, ‘ओली तर नाही झाली ना?’ कुणी सांगितलं, केव्हा सांगितलं, देव जाणे. इथे व्हॉट्सअ‍ॅप नंतर आलं, मोठ्या मम्मीच्या मैत्रिणी आधीपासून आहेत.

पण तुम्हाला सांगते, माझं जाऊ द्या. माझी आई, सविता, माहेर चांदनीचं. लहानपणी रेल्वेतून जाताना तिला लांब डोंगरावर असीरगड दिसायचा, आणि ती विचारायची, वर काय आहे? तर तिच्या घरचे पण तेच, लग्न होऊ दे, नवऱ्याबरोबर बघ. म्हणजे हा नियम काही आमच्याच घरचा पेटंट नाही, स्टेशनागणिक चालतो! झालं लग्न. आली बुऱ्हाणपुरात. बिचारीला वाटलं, चला, आता नवरा आहे, आता बघू. तर आधी सासूचं दुखणं निघालं, मग मी झाले, मग केळीला वारा लागला, मग करपा आला, मग भाव पडले, मग भाव चढले तर माणसं कमी पडली... नवरा होता हो, अगदी समोर बसलेला होता, मान हलवत. बघणंच तेवढं राहिलं.

आणि यातली गंमत माझ्या लक्षात केव्हा आली सांगू? लग्न न झालेल्या पोरीनं बघायचं नाही. लग्न झालं की पोरगी गावात राहत नाही. आणि लग्न होऊन जी गावात येते, तिला भाकरीतून सवड नाही. मग किल्ला बघायचा कुणी? वटवाघळांनी?

तर मागच्या रविवारी रावेरहून पाहुणे आले. मला बघायला. मुलाचं नाव रितेश, केळीचा व्यापार, दिसायला बरा, बोलायला... फोनवर बरा. त्याची आई, वैशालीताई, दराबा, आमच्या गावची मिठाई, खाऊन खूष झाल्या आणि म्हणाल्या, एवढ्या लांब आलो तर असीरगड दाखवा की. माझ्या छातीत धडधडायला लागलं, मुलगा बघून नाही झालं तसं. आणि मोठे पप्पा काय म्हणाले असतील? म्हणाले, हो हो, हिमानी दाखवेल ना, आता जवळजवळ ठरलंच आहे, समजा नवऱ्याबरोबरच बघतेय! वाह! म्हणजे नियम मोडला नाही, फक्त ॲडव्हान्समध्ये पाळला.

आई पण निघाली. कपाटातली जांभळी साडी काढली, पावडर लावली, आणि गाडीत खिडकीपाशी बसली, लहान पोरीसारखी. रस्ताभर नुसती डोंगराकडे नजर. मी मनात म्हटलं, चला, मुलगा कसाही निघो, आईचा गड तर झाला.

गाडी जिथवर जाते तिथवर गेली. पुढे पायऱ्या. उंच, झिजलेल्या, एकीचं माप दुसरीला नाही. आई उतरली, पदर खोचला, दोन-चार चढली, आणि थांबली. गुडघे. वर बघितलं, खाली बघितलं, आणि मला म्हणाली, ‘तू जा. मी इथून बघते. चांगलं दिसतंय इथून.’ काय दिसत होतं हो तिथून? भिंत! मोठे पप्पा तर गाडीतून उतरलेच नाहीत, म्हणे आपल्याला काय, घरचाच गड आहे.

मी वर गेले. आणि तुम्हाला काय सांगू... वारा असा की ओढणी सांभाळू की डोळे, खाली सातपुडा पसरलेला, तळी, मशिदीचे मिनार, आणि ते महादेवाचं देऊळ. म्हणतात, अश्वत्थामा रोज पहाटे येऊन पिंडीवर फूल वाहून जातो. कपाळावर जखम, युगानुयुगं एकटा चढतो बिचारा, त्याला कुणी विचारत नाही, लग्न झालंय का? मी त्या पिंडीपाशी उभी राहून रडले. गडासाठी नाही. खाली भिंत बघत बसलेल्या बाईसाठी.

आणि रितेश? त्यानं गडाकडे पाठ केली, हात लांब केला, स्वतःचा फोटो काढला, आणि म्हणाला, झालं, चला, ट्रक भरायचाय. मी म्हटलं, अजून मागची बाजू राहिली. तर म्हणतो, अहो तुमचं माहेरच आहे, लग्नानंतर याल तेव्हा बघा ना निवांत!

लग्नानंतर! म्हणजे हा पण त्याच शाळेतला.

चहा पिऊन पाहुणे गेले. आमच्या बैठकीत मोठे पप्पा, मोठी मम्मी, पप्पा, आणि दारापाशी गुडघ्याला तेल चोळत आई. मोठ्या पप्पांनी विचारलं, ‘मग पोरी, आवडला?’

‘गड आवडला.’

‘अन् मुलगा?’

‘मुलगा नको. आणि गावातला किल्ला मी उद्याच बघणार, नवऱ्याशिवाय.’

मोठी मम्मी म्हणाली, काही पण बोलते, लग्नाआधी असं कुणी करतं का, नवऱ्याबरोबर बघायला काय होतं तुला? आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ‘मोठी मम्मी, नवऱ्याबरोबर बुऱ्हाणपूरला आलेली सगळ्यात मोठी बाई कोण, माहितीये? मुमताज. चौदावं बाळंतपण इथेच झालं आणि इथेच गेली. नवऱ्यानं बघायला ताजमहाल बांधला, पण तिनं नाही बघितला.’

पप्पांनी मान हलवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा, भावाकडे न बघता हलवली.

मी आईला म्हटलं, उद्या तू पण चल. आई तेलाचा हात तसाच धरून बसली, आणि मग अगदी हळू विचारलं, ‘किल्ल्यात आत पायऱ्या आहेत का गं?’

आता एम.ए. इतिहास काय सांगणार? पुस्तकात हमाम होता, बादशहा होता, आईचे गुडघे नव्हते. मी पप्पांकडे बघितलं. पप्पांनी मोठ्या पप्पांकडे. मोठ्या पप्पांनी मोठ्या मम्मीकडे. मोठ्या मम्मीनं पंख्याकडे.

अहो, सगळे नवरा-बायको होते ना तिथे! जन्म गेला त्यांचा किल्ल्याच्या सावलीत, आणि पायऱ्या आहेत की नाहीत, एकालाही सांगता येईना.