मापात शिवलेलं कव्हर

...हसा, हसा, तुम्ही पण हसा! बंगळूरातलं अख्खं मल्लेश्वरम हसून मोकळं झालंय, तुम्हीच काय घोडं मारलंय? पोस्टमन विचारतो, "विठ्ठलरावरे, गुलाबी गाडी एल्ली?" कुठाय म्हणे! इडलीवाला विचारतो, देवळातला भटजी तीर्थ देता देता विचारतो... अहो, गाडी गुलाबी नव्हती हो! पांढरी होती! दुधात बोट बुडवून बाहेर काढावं अशी पांढरी! आणि ती गुलाबी कुणी केली म्हणाल, तर मीच केली. बत्तीस वर्षं चिकपेटेत कापड विकणाऱ्या माणसानं केली. म्हणजे बघा, डॉक्टरच्या घरी बाळंतपण अडावं, तशी गत.

कारण काय, तर कापड मला कळतं!

तुम्हाला सांगतो, माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. डोळे मिटून चिमटीत कापड द्या, सूत कुठल्या गावचं ते सांगतो. एक धागा काढून काडीनं पेटवायचा, कागदाचा वास आला तर सुती, केसाचा वास आला तर रेशीम, आणि गोळी होऊन बोटाला चिकटला तर गिऱ्हाइकाला सांगायचं, "अक्का, हे परदेशी आहे." ...ते जाऊ द्या.

तर चौऱ्याण्णव साली युगादीला, म्हणजे आपल्या पाडव्याला, मारुती घेतली. कशासाठी? मला फिरायला? छे! मी जन्मभर बसनं गेलो. गाडी घेतली ती रूपश्रीसाठी. एकुलती एक लेक, लग्न ठरलेलं, मुहूर्त मार्गशीर्षातला. मनात एकच होतं, लेक सासरी जाईल ती बापाच्या गाडीतून जाईल, आणि गाडी अशी असेल की बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच दुकानातून काढली! कारण माझ्या लग्नात मी तुंगाबाईला घरी आणलं ते बसमधून. तेसुद्धा उभ्यानं! शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली नवरी मुलगी, आणि कंडक्टर तिच्या पाठीमागून ओरडतोय, "मुंदे होगी अम्मा, मुंदे होगी!" बिचारी पुढं सरकत सरकत ड्रायव्हरपर्यंत गेली आणि मी राहिलो मागं. लग्नानंतरचा पहिला प्रवास, दोघांच्या मध्ये चाळीस माणसं! त्या दिवशीच ठरवलं होतं, माझी पोर अशी जायची नाही.

पण गाडी ठेवायची कुठं? आमच्या घराचं फाटक सायकलच्या मापाचं. म्हणजे गाडी रस्त्यावर, होंगेच्या झाडाखाली. होंगे म्हणजे आपला करंज. पाडव्याच्या सुमाराला त्याची फुलं गळतात, गळतात म्हणजे किती, सकाळी गाडी शोधावी लागते. आणि वर कावळ्यांचं बिऱ्हाड! तीन दिवसांत त्यांनी बॉनेटवर असा काही हिशेब चुकता केला की तुंगाबाई म्हणाली, "अहो, कव्हर आणा की हो एक."

शेजारी आमचे वेणुगोपाल. बँकेत आहेत. त्यांची फियाट चौदा वर्षांची, कव्हर नाही, काही नाही, रोज सकाळी जुन्या बनियननं पुसायची, की झालं. ते कुंपणावरून म्हणाले, "कव्हर घ्या रावरे, पण बघून घ्या. गाडीला गाळी बेकु, गाळी! हवा लागते तिला!" मी मनात म्हटलं, हा बँकेचा माणूस मला कापड शिकवतोय!

गेलो जेसी रोडला, गाड्यांच्या सामानाच्या बाजारात. दुकानदारानं पुढ्यात तीन-चार कव्हरं टाकली. मी चिमटीत धरलं, ओढलं, हुंगलं, खिशातून काडेपेटी काढली... "अरे अण्णा, क्या करते! दुकान जलाते क्या!" तो काउंटरवरून उडी मारून आला. म्हटलं, बाबा, एक धागा जाळतो, तेवढ्यानं तुझी लंका जळायची नाही. मग त्यानं सगळ्यात चांगलं कव्हर काढलं. चंदेरी, हलकं, आतून मऊ. मी उजेडाकडे धरलं आणि काय बघतो? भोकं! दोन्ही बाजूंना ओळीनं बारीक बारीक भोकं!

म्हटलं, "हे काय?"

"सार, वो हवा जाने कू है."

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? बत्तीस वर्षं दुकान चालवतोय, ताग्यात एक भोक निघालं तर आख्खा ताग्याचा तागा डागी म्हणून परत पाठवणारा माणूस मी, आणि हा मला भोकं दाखवतो आणि म्हणतो हवेसाठी आहेत! मी हसलो. खांद्यावर हात ठेवला त्याच्या, म्हटलं, "तंबी, तू मोठा होशील. डागी माल विकताना असं तोंड मलासुद्धा करता येत नाही." आणि आलो निघून. कापड मला कळतं!

दुकानात आलो, रघुपतीला हाक मारली. रघुपती म्हणजे आमचा शिलाई मास्तर, जातिवंत शिंपी, नजरेनं माप घेणारा. म्हटलं, मास्तर, गाडीला कव्हर शिवायचं. तो म्हणाला, "गाडी दुकानात आणा, ट्रायल घेऊया." शेवटी मल्लेश्वरमला आला, टेप गळ्यात, पेन्सिल कानावर, आणि गाडीभोवती फिरून माप सांगायला लागला, "छाती एकशे चाळीस... कंबर जरा सुटलीय... सीट मोठी आहे हो हिची..." रूपश्री खिडकीत हसून हसून गडबडा. आरशांना बाह्या काढल्या. खाली पोटाला चौदा नाड्या. बाहेरून जाड मेणकापड, पाण्याचा थेंब आत जाईल तर शपथ! आणि आतून? आतून अस्तर. अस्तराशिवाय कपडा म्हणजे काय कपडा झाला? फलालीनचे दोन तागे दुकानात पडून होते. जाड, मऊ, गुलाबी. का पडून होते, ते... ते मी नंतर सांगतो.

चढवलं कव्हर. अहाहा! काय बसलं होतं महाराजा! एक सुरकुती नाही! रस्त्यावर माणसं थांबली. वेणुगोपाल बनियन हातात धरून आले, दोनदा फेरी मारली आणि म्हणाले, "सरी... छान आहे. पण रावरे, गाळी?" म्हटलं, "गाळी कशाला? गाडी काय तुमच्या बँकेत नोकरीला आहे, उकडायला?"

आता त्या कव्हरची एकच खोड. चढवायला चार माणसं आणि काढायला पाच. पोटाखाली आडवं झोपून नाड्या सोडायच्या, मग बाह्या काढायच्या, आणि मग सगळ्यांनी एका दमात ओढायचं, तासभर मोडायचा. पण मला काय, मी म्हटलं, बरंच आहे, गाडी कोरी राहील.

रूपश्रीची शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. सकाळी धो धो पाऊस. पोरगी छत्री घेऊन दारात. "अण्णा, आजच्या दिवस गाडीनं सोडता? पेपर आहे." म्हटलं, "बाळ, कव्हर निघायला तास लागेल, रिक्षानं जा." गेली. मग एकदा म्हणाली, "अण्णा, बनशंकरीला देवीला जाऊन येऊया, आई म्हणते." म्हटलं, "चिखल आहे गं सगळा, पुढच्या खेपेला." मग लग्नाला महिना राहिला असेल, जेवताना म्हणाली, "अण्णा, कुठं जायला नको, आपण तिघंच बसून नुसती एक चक्कर मारूया." तुंगाबाईनं ताटातून मान वर करून माझ्याकडे बघितलं. आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "लग्नाच्या दिवशी बस की राणीसारखी! तोवर गाडी कोरी राहू दे!"

...तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

आणि आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी! त्या दिवशी बंगळूरात सायकलसुद्धा धुऊन पुसून झेंडूच्या माळा घालून उभी असते. सगळ्या गल्लीतल्या गाड्या नवरदेवासारख्या, चाकाखाली लिंबू, दोन्ही बाजूंना केळीचे खांब. आणि माझी? कव्हरासकट! मी हळदकुंकू लावलं ते कव्हरावर, हार घातला तो कव्हरावर, नारळ ओवाळला तो कव्हरावरून. वेणुगोपाल म्हणाले, "रावरे, निदान आज तरी देवाला हिचं तोंड दाखवा!" म्हटलं, देवाला सगळं आरपार दिसतं. देवाला दिसत होतं हो! मलाच दिसत नव्हतं. त्या दिवशी उघडली असती तर दोन महिने हातात होते...

लग्नाच्या दिवशी पहाटे फुलवाला आला गाडी सजवायला. रघुपती पोटाखाली झोपला. नाड्या फुगून अशा आवळल्या होत्या की शेवटी कात्री लावली. पाच माणसांनी धरलं, एक, दोन, तीन, हेय्य्य...

कव्हर निघालं, पण सुखासुखी नाही. चर्र चर्र आवाज करत निघालं, जखमेवरची पट्टी काढावी तसं. आणि खालून... आता कसं सांगू? आधी वास आला. पावसात विसरलेल्या गोधडीचा. मग गाडी दिसली. मेणकापडातून पाणी आत गेलं नव्हतं, बरं का, शब्दाला जागलं ते कापड! पण नाड्यांपाशी खालून जे चढलं आणि आत जी वाफ धरली ती बाहेर कुठून जाणार? सगळं फलालीननं पिऊन घेतलं आणि आठ महिने गाडीला पाजलं. रंगाला पापडासारखे फोड. फोडांना फलालीनची लव चिकटलेली, म्हणजे गाडीला केस आले होते केस! आणि सगळीकडे गुलाबी डाग, मोठमोठे, शाळेतल्या नकाशासारखे. दार उघडलं तर सीटवर हिरवी बुरशी.

आता सांगतो ते फलालीन का पडून होतं. त्याचा रंग जात होता. दोन गिऱ्हाइकांनी परत आणलं होतं, "विठ्ठलराव, झबल्याचा रंग बाळाला लागला." मला ठाऊक होतं! ठाऊक असून लावलं, का, तर घरचाच माल आहे, गाडीला काय कळतंय! जेसी रोडवर भोकं शोधली आणि घरचा डाग अस्तरात घातला. कापड मला कळतं म्हणे!

फुलवाला म्हणाला, "सार, पूर्ण झाकू का फुलांनी?" म्हटलं, नको बाबा... आता आणखी झाकू नको काही.

संध्याकाळी पाठवणीला वेणुगोपालांची फियाट आली. चौदा वर्षांची, पुसलेली. किल्ली फिरवली की चालू! रूपश्री बसली, जावई बसले. मी काचेपाशी गेलो, म्हटलं, "बाळ, बापाची गाडी..." ती रडता रडता म्हणाली, "अण्णा, मी गुलाबीतसुद्धा बसले असते हो." आणि गाडी गेली.

नंतर मी सगळं केलं. रंग खरवडून पुन्हा पांढरा मारला, सीट बदलल्या, छान फिकट रंगाच्या, मऊ. कव्हर पुन्हा घातलं नाही. कावळे आपलं काम करतात, मी सकाळी बनियननं माझं काम करतो. वेणुगोपाल कुंपणावरून बघतात आणि आपली फियाट पुसायला लागतात, भला माणूस. गाडी सदा तयार. पण बसणारं कोण? तुंगाबाईला गाडी लागते. बाजाराच्या अर्ध्या वाटेत म्हणते, "अहो, मी उतरते, बसनं येते."

रूपश्री कोरमंगलाला असते. जावई अरविंद कॉम्प्युटरच्या कंपनीत, त्यांची स्कूटर आहे. परवाच्या रविवारी दोघं जेवायला आली. निघताना आभाळ भरून आलं. मी किल्ली घेऊन उभाच! "चला, सोडतो." अरविंद म्हणाले, "मामा, स्कूटर इथं ठेवून कसं चालेल, उद्या ऑफिस आहे." रूपश्री म्हणाली, "अण्णा, उगीच त्रास नको." गेली. पण मला राहवेना. मीही गाडी काढली आणि लागलो मागं! पुढं स्कूटर, मागं मी, रिकामी गाडी घेऊन, वरातीत चुकलेल्या वाजंत्र्यासारखा. लालबागेच्या अलीकडे पावसानं गाठलंच. दोघं एका झाडाखाली थांबली, चिंब, नखशिखांत. आणि मी... अहो, आनंदानं माझा हात गिअरवर की हॉर्नवर, काही कळेना! गाडी शेजारी लावली, वाकून दार उघडलं, म्हटलं, "ये बाळ, बस! अरविंद येतील मागून, पाऊस कमी झाला की."

पोरगी दारापाशी आली. पाय उचलला. आत बघितलं आणि पाय मागं घेतला. पदरातून पाणी टपटप गळत होतं. म्हणाली, "अण्णा, नको हो... मी किती भिजलेय, सीट खराब होईल तुमची."

आणि तुम्हाला सांगतो... लाज वाटते सांगायला, पण तुमच्यापासून काय लपवायचं... "खड्ड्यात गेली सीट, बस आत!" असं मी म्हणणारच होतो. म्हणालोच मी ते. पण त्याच्या आधी, फक्त एक क्षणभर हो, माझी मान आपली आपण वळली... आणि मी सीटकडे बघितलं.

पोरीनं ते बघितलं. हसली, दार हळूच लावून घेतलं, आणि स्कूटरवर जाऊन बसली.