धाकटा पडला

बाई : हो, पोरगंच पडलंय आमचं. स्वयंपाकघरात, शिडीवरून.

नर्स : आजी, फोन ठेवू नका. शुद्धीवर आहे का?

बाई : आहे. फरशीवर पडल्या पडल्या मला सूचना देतंय.

नर्स : रडतंय?

बाई : छे. तोंड पाडून बसलंय. पाय मात्र टेकवत नाही.

नर्स : उचलू नका त्याला. त्याची आई जवळ आहे का?

बाई : आई गेली त्याची.

नर्स : अरेरे. काय झालं होतं?

बाई : म्हातारपण.

नर्स : ...मी निघालेच आजी. दवाखान्यात मी नवीन आहे, घर तेवढं सांगा.

बाई : पाण्याच्या टाकीच्या मागे. दारात कोणी म्हातारं दिसलं तर विचार. म्हणजे कोणालाही विचार.

(नर्स येते. हातात मोडलेला पाय बांधायची, लहान मुलांच्या मापाची फळी.)

नर्स : कुठेय पोरगं?

बाई : हे काय.

नर्स : हे?

धाकटा : नमस्कार.

नर्स : काका, तुमचं वय काय?

धाकटा : चौसष्टावं लागलंय.

बाई : याच्याखालचं इथे कोणीच उरलं नाही, म्हणून हा धाकटा. सगळ्यांचे बल्ब हाच बदलतो, माळ्यावरचं हाच काढतो. शिडी चढायची मुभा फक्त याला.

नर्स : मी फळी लहान मापाची आणली हो. आणि एक चॉकलेट.

धाकटा : चॉकलेट चालेल.

नर्स : पाय बघू. बराच सुजलाय घोटा. एक्सरेला न्यावं लागणार. शिडी कोणी धरली होती?

बाई : मी.

नर्स : तुम्ही? या वयात?

बाई : माझ्या वयाचं सोड. शाळेत याचा कान याच हातानं धरलाय मी. तो कधी सुटला नाही.

नर्स : मग शिडी कशी सुटली?

बाई : त्याला विचार.

धाकटा : काही नाही. बोलत होतो जरा, इकडचं तिकडचं.

बाई : इकडचं नाही, नुसतं तिकडचं. शहरात मुलीकडे चाललाय, कायमचा. आणि हे मला वर चढून सांगतोय. समोर बसून सांगायची छाती झाली नाही.

धाकटा : वरून सोपं वाटलं. तुमचा चेहरा दिसत नव्हता.

बाई : दोन्ही हात तोंडावर गेले माझे. मग काय, शिडी गेली आणि तिच्याबरोबर हा.

धाकटा : जाण्याआधी सगळ्यांचे बल्ब बदलून द्यावेत म्हटलं. चांगले आणलेत, बरीच वर्षं टिकतात.

बाई : आमच्यापेक्षा जास्त?

धाकटा : पाकिटावर तरी तसंच लिहिलंय.

बाई : बल्ब घाल चुलीत. तू गेलास की मला करमणार नाही. हे एकदाच सांगते, पुन्हा म्हणणार नाही.

नर्स : आजी, जरा सरकता? काका, दुखलं तर सांगा.

धाकटा : दुखतंय.

नर्स : अजून हात लावला नाही मी.

धाकटा : हो, माहीत आहे.

नर्स : तुमच्या मुलीला कळवायला हवं. काय सांगू, आजींच्या हातून शिडी सुटली?

धाकटा : नको. माझाच तोल गेला म्हणा.

बाई : खोटं कशाला बोलायला लावतोस तिला?

धाकटा : नाहीतर आजच गाडी घेऊन येईल ती. म्हणेल, बघा, तिथे तुम्हाला धरून ठेवणारं कोणी नाही.

बाई : घट्ट धरली होती रे. तू बोलेपर्यंत.