दोन व्हॉल्वचा सूर

नगरच्या एसटी स्टँडवर शेवगावच्या रांगेत चांगुणाबाई मास्तरीण उभ्या होत्या. त्यांच्या पुढं ऑर्केस्ट्रातला गिटारवाला गोरक्ष होता, पायाशी अ‍ॅम्प्लिफायरची पेटी. ती दुरुस्त करणारे दाऊद मिस्त्री त्याला पोचवायला आले होते.

"मिस्त्री, पेटी पयल्यासारखी करून द्या."

"अरे, आवाज दुप्पट झालाय. तुझ्या मालकांनीच तसं सांगितलं होतं."

"आवाज वाढला, पन सूर कोरडा पडला."

"पडणारच. आधी पेटीतले दोन्ही व्हॉल्व, त्या काचेच्या नळ्या, सतत आवाजाची पूर्ण लाट ओढायचे. आता अर्धी लाट एक ओढतो, अर्धी दुसरा. त्यानं ताकद वाढते."

"आन् एकानं सोडून दुसऱ्यानं धरताना खरखर येती. हळू वाजवलं की ऐकू येती."

"तुला येते. मांडवात कुणाला येणार?"

"मला येती, म्हनून माझा हात आखडतो."

"पहिल्यासारखी केली तर व्हॉल्व तापून लवकर जातील. मागच्या रांगेला ऐकू जाणार नाही. मालक दुसरा गिटारवाला बघतील."

"उद्या बघू द्या. आज मी वाजवनार हाय."

"आणि मागची रांग?"

"त्यांना पुढं येऊन बसा म्हनीन."

दाऊद मिस्त्रींनी फलाटाकडं बोट केलं.

"गाडी लागली, गोरक्ष."

"पुढची दोनला हाय. कार्यक्रम सातला. तुमाला किती वेळ लागंल?"

"तासभर."

गोरक्षनं पेटी उचलली आणि तो रांगेतून बाहेर पडला.

"बाई, तुमी व्हा पुढं."

"कार्यक्रम कुठं आहे?"

"शेवगावच्या बाजारतळावर. लवकर या, म्हंजी जवळ जागा मिळंल."