तळघरातलं पाणी

पवईला बसच्या रांगेत माझ्यापुढे बहीण-भाऊ उभे होते.

“रुचे, मुलुंडच्या घराला गिऱ्हाईक मिळालं. उद्या पंप लावून तळघर कोरडं करतो.”

“दादा, पाणी उपसू नकोस.”

“का गं? तुंबलेलं घर कोण घेणार?”

“लॉकडाऊनमध्ये तू पुण्यात अडकलास ना, त्या वर्षी चौपाटीवर सोडत नव्हते. तळघरात तेव्हाही कमरेएवढं पाणी होतं. बाबांनी गणपतीचं विसर्जन तिथेच केलं.”

“मग काय? शाडूची मूर्ती कधीच विरघळली असेल.”

“शाडूची मिळालीच नव्हती रे. प्लास्टरची आणलेली.”

“म्हणजे अजून...”

“बसलेला असेल.”

बस आली. दोघंही जागचे हलले नाहीत.

“आणि मी गिऱ्हाइकाला सांगून बसलो, घरात कोणी राहत नाही म्हणून.”