हरणाचं पिल्लू आणि टीव्हीचं शटर

देवाशपथ, हा किस्सा आमच्या सौंसर गावात माझ्या डोळ्यांदेखत घडला. म्हणजे मी तेव्हा पान आणायला गेलो होतो. गल्लीतला एकुलता टीव्ही शांताकाकूच्या घरी. सारे तिथं जंगलाचा सिनेमा पाहून राहिले होते. वाघीण हरणाच्या पिल्लावर झेपावणार, तोच काकूनं टीव्हीचं लाकडी शटर ओढून कुलूप घातलं.

लोक ओरडले, "काकू, उघडा ना! पिल्लाचं काय झालं?"

"वाचलं."

"तुम्हाले कसं मालूम?"

"माह्या घरात कोणी कोणाले खात नाही. जा, जेवा घरी जाऊन."

दुसऱ्या दिवशी सारा बाजार सांगत होता, पिल्लू वाचलं म्हणून.

यातलं पान खोटं, आणि शटरही. मी तिथंच होतो. अंधारात शटर मीच ओढलं होतं, काकूनं फक्त कुलूप घातलं. माझे भरलेले डोळे पाहून काकूनं ते स्वतःच्या अंगावर घेतलं.