सोमवारी कोण उभं राहणार?

अध्यक्षमहोदय, वहिनी आणि माझ्या वकील मित्रांनो,

शोकसभेला एवढे सगळे आलात. हॉल भरला. देशकर साहेबांच्या मागे बारा वर्षं फायली घेऊन हिंडलेली मी त्यांची ज्युनिअर. मला रडू यायला हवं, बोलता येऊ नये. पण खरं सांगते, मला राग आलाय.

मघापासून ऐकते आहे. कोणी म्हणालं, साहेबांची घटनेतल्या हक्कांवरची पुस्तकं म्हणजे दीपस्तंभ. कोणी म्हणालं, रविवारचा त्यांचा लेख वाचल्याशिवाय चहा गोड लागायचा नाही. मग कोर्टातल्या बाररूममधली त्यांची खुर्ची व्हरांड्यात कोणी काढली हो?

बुटीबोरीच्या संतोष नावाच्या कामगारावर एका वकिलाला मारल्याचा आरोप आला. आपल्या वकील मंचानं ठराव केला, याचं वकीलपत्र कोणी घ्यायचं नाही. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी घेतलं. आरोपी कोणीही असो, त्याला वकील मिळालाच पाहिजे, हे त्यांनी पुस्तकात लिहिलं होतं. त्याच पुस्तकाच्या प्रकाशनाला तुम्ही त्यांना शाल पांघरवली होती! त्या दिवसापासून तुम्ही त्यांच्याशी बोलणं टाकलंत. नागपूरच्या उन्हात तो म्हातारा माणूस बाहेर बसून टिपणं काढायचा.

साहेब गोड नव्हते. खडूस होते. मसुद्यात चूक दिसली की कागद भिरकावायचे. पण लिहिलेलं त्यांनी कधी गिळलं नाही.

आणि मी? त्या ठरावाखाली चौथी सही माझी आहे. हो, माझी. दबकत त्यांच्या रामदासपेठेतल्या घरी गेले. साहेब म्हणाले, "काहून केली वं सही?"

म्हटलं, "साहेब, सगळेच करून राहिले होते."

चष्मा काढला. म्हणाले, "म्हणूनच तर पुस्तक लिहा लागते, बाई."

त्यांनी मला हाकललं नाही. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

आज साहेब नाहीत. संतोष जेलमध्येच आहे. सोमवारी त्याच्या जामिनाची तारीख आहे. इथे एवढे काळे कोट आहेत, त्याच्यासाठी कोण उभं राहणार? बोला ना. खाली काय पाहता?

आता दोन मिनिटं उभं राहायचा रिवाज आहे. राहा. गप्प राहणं तुम्हाला जड नाही. तेवढ्यात मी इथेच, तुमच्यासमोर, संतोषच्या वकीलपत्रावर सही करते.

साहेब, या वेळी कोणालाही विचारलेलं नाही. माझा नमस्कार घ्या.